न्यूयॉर्कच्या नभोवाणीवरील जॅझ-सप्ताह

आपल्याकडे गावोगाव हरिनामाचे सप्ताह होतात. सात दिवस व सात रात्री वीणा भुईवर ठेवावयाची नाही, असा त्यांचा दंडक असतो. पहाऱ्याची पाळी संपली म्हणजे उभा असलेला मनुष्य आपल्या गळ्यातील वीणा पुढच्याच्या गळ्यात घालतो, त्याच्या पाया पडतो आणि मग घरी जातो. मध्यरात्र उलटल्यावर मंडपात ऐकणारे कोणी उरले नाही तरी नाम खंडत नाही. बाहेरच्या मनुष्यास हा प्रकार काहीसा विक्षिप्त वाटतो. परंतु जो एकदा त्या पहाऱ्यास उभा राहिला आहे, त्यास त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. न्यूयॉर्क शहरातील एका लहानशा नभोवाणी-केंद्रावर दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जॅझ संगीताचा जो सोहळा होतो, तो ऐकत असता या वीणेची आठवण आम्हांस वारंवार झाली. आणि त्या सोहळ्याच्या गुणदोषांविषयी चार शब्द वाचकांपुढे मांडावेत असे वाटले.

हे केंद्र कोलंबिया विद्यापीठाचे असून त्याचे नाव डब्ल्यू. के. सी. आर. असे आहे. ८९.९ मेगाहर्ट्झ ही त्याची कंपनसंख्या. चालविणारे बहुतेक विद्यार्थी, आणि तेही बिनपगारी. जाहिराती मुळीच नाहीत. श्रोत्यांच्या देणग्यांचा आधार मोठा. ज्या एफ. एम. पद्धतीने हे ध्वनिक्षेपण होते, ती शोधून काढणारे एडविन आर्मस्ट्राँग याच विद्यापीठात प्राध्यापक होते, व त्या शोधाची एकस्वे त्यांस १९३३ साली मिळाली. विद्यार्थ्यांचे ध्वनिक्षेपण १९४१ साली सुरू झाले आणि एफ. एम.चा परवाना १९५६ साली हाती आला. विद्यापीठाच्या आवारापासून हार्लेममधील मिंटन्स हे जॅझचे प्रसिद्ध स्थान पायी जाण्याच्या अंतरावर. १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाचा याच विद्यापीठाचा एक विद्यार्थी आपले मुद्रणयंत्र घेऊन तेथे रात्री जाऊन बसत असे, आणि चार्ली ख्रिश्चन या अल्पायुषी गिटारवादकाचे तेथील वादन त्याच्यामुळेच आज आपल्या कानी पडते. ऐकलेले जपून ठेवण्याची खोड या आवारात अशी जुनीच आहे.

एरवी या केंद्रावर जॅझखेरीज पुष्कळ काही असते. युरोपीय अभिजात संगीत असते, देशोदेशीची लोकगीते असतात, भारतीय रागसंगीतासही तेथे जागा मिळते. सप्ताहाचा आरंभ या नेहमीच्या क्रमानेच होतो: पहाटे थोडे जॅझ, दुपारी थोडे, सायंकाळी थोडे. परंतु २७ ऑगस्टची मध्यरात्र झाली की इतर सर्व कार्यक्रम बाजूस सारले जातात आणि अखंड बहात्तर तास केवळ दोन माणसांचे संगीत वाजत राहते. २७ ऑगस्ट हा लेस्टर यंग यांचा जन्मदिवस, साल १९०९. २९ ऑगस्ट हा चार्ली पार्कर यांचा, साल १९२०. पहिला टेनर सॅक्सोफोनचा वादक, दुसरा आल्टो सॅक्सोफोनचा. पहिला दिवस एकाचा, शेवटचा दुसऱ्याचा, आणि मधला दोघांचा सामाईक.

आता हे केंद्र इंटरनेटवरूनही ऐकता येते, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यास सप्ताहास बसण्यास अडचण नाही. त्या दिवसांत न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असते. तेथील मध्यरात्र म्हणजे आपल्याकडील सकाळचे साडेनऊ. घरात डबे भरण्याची घाई चाललेली असते तेव्हा तेथे पहिली तबकडी लागते. आपल्याकडे दुपारची पाने उचलली जात असताना तेथे पहाटेचा पहारा चालू असतो, आणि निवेदन करणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज झोपेने जडावलेला असतो. श्रावणाच्या पावसात अशा आडवेळी ऐकलेले संगीत मनात निराळ्याच ठिकाणी जाऊन बसते, हे आम्ही कबूल करतो; आणि आमच्या मतांत त्या वेळेचा काही अंश मिसळला असल्यास वाचकांनी तो वजा करून घ्यावा.

या सप्ताहाची पहिली स्तुती त्याच्या रचनेची केली पाहिजे. दोन जन्मदिवस पंचांगाच्या योगाने जवळ आले खरे; पण त्यांस जोडून घेण्यात जी समज आहे ती योगायोगाची नव्हे. लेस्टर यंग यांच्या पूर्वी टेनर सॅक्सोफोन म्हणजे भरदार, थरथरत्या, छातीतून काढलेल्या नादाचे वाद्य, अशी समजूत होती. कोलमन हॉकिन्स हे त्या नादाचे आचार्य. यंग यांचा नाद हलका, कोरडा, सरळ. १९३४ साली फ्लेचर हेन्डरसन यांच्या वाद्यवृंदात हॉकिन्स यांच्या रिकाम्या जागी ते आले, तेव्हा सोबत्यांस हा नाद पसंत पडेना. हेन्डरसन यांच्या पत्नीने घरी त्यांस हॉकिन्स यांच्या तबकड्या ऐकविण्यास आरंभ केला. हेतू हा की, पोराने ऐकावे आणि तसे वाजवावे. यंग यांनी ऐकले. तसे वाजविले मात्र नाही. थोड्याच काळात ती जागा त्यांनी सोडली. पुढे १९३६ साली काउंट बेसी यांच्या मंडळीबरोबर त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या आणि त्या नादाचा आपला असा पंथ सुरू झाला.

त्या तबकड्या पुढच्याच वर्षी एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती लागल्या. हा मुलगा म्हणजे चार्ली पार्कर. कॅन्सस सिटीतील एका बैठकीत वाजविताना तो चुकला, तेव्हा जो जोन्स या प्रसिद्ध तालवादकाने आपली झांज त्याच्या पायांशी भिरकावली होती. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क डोंगरांतील एका विश्रामस्थानी त्यास काम मिळाले. तेथे जाताना त्याने यंग यांच्या तबकड्या बरोबर नेल्या आणि त्यांतील एकलवादन स्वरन्‌स्वर पाठ केले. आपल्या वाचकांस येथे एकलव्याची आठवण व्हावी हे साहजिक आहे. द्रोणाचार्य ठाऊक नाहीत, मातीची मूर्ती समोर आहे, आणि शिष्य रानात एकटा अभ्यास करीत आहे. फरक इतकाच की, या मूर्तीस आवाज होता, आणि या शिष्याचा अंगठा कोणी मागितला नाही. एकच वस्तू, ती म्हणजे तबकडी. एका घरात ती दुसऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवावयास लावण्याचे साधन झाली, तर दुसरीकडे तिने एका मनुष्यास स्वतःच्या वाटेवर आणून सोडले. कारण पार्कर यांनी यंग यांचे स्वर पाठ केले खरे, पण पुढे १९४५ साली त्यांची जी वाणी प्रकट झाली तिच्यात यंग यांचा संथपणा औषधापुरताही नाही.

सप्ताहातील सामाईक दिवसाचे महत्त्व येथे आहे. यंग यांची १९३९ सालची ‘लेस्टर लीप्स इन’ ही तबकडी आणि पार्कर यांची कोणतीही द्रुत चीज पाठोपाठ ऐकली म्हणजे, शिष्याने गुरूचे नेमके काय घेतले हे दहा व्याख्यानांनी समजणार नाही इतके स्पष्ट समजते. नाद घेतला नाही, लय घेतली नाही. वाक्य कोठे सुरू करावे आणि कोठे तोडावे याची समज घेतली. मापाची रेघ आली म्हणून थांबावयाचे नाही, आणि श्वास संपला म्हणून वाक्य अपुरे टाकावयाचे नाही. आपल्याकडील ख्यालात समेच्या अलीकडे-पलीकडे मुखडा खेळविणारा गवई ज्या समजुतीने गातो, तिच्या जवळची ही समजूत आहे. एक तबकडी दुसरीच्या शेजारी ठेवणे हीही समीक्षाच होय, आणि ती या विद्यार्थ्यांनी उत्तम केली आहे.

दुसरी स्तुती नभोवाणीची. ज्या संगीताचा हा सोहळा आहे, ते संगीत स्थानिक नभोवाणीच्या हातावरच वाढले. बेसी यांची मंडळी १९३६ साली कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबात वाजवीत होती. तेथील एक लहान प्रायोगिक केंद्र त्यांचे वादन रात्री उशिरा प्रक्षेपित करी. जॉन हॅमंड हे रसिक गृहस्थ त्या वेळी शिकागोत आपल्या मोटारीत बसले होते; तेथील यंत्राची कळ फिरविता फिरविता हे वादन त्यांच्या कानी पडले आणि मंडळीचे भाग्य उघडले. पुढे १९४८-४९ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट या क्लबातून पार्कर यांचे वादन सिम्फनी सिड या निवेदकाच्या कार्यक्रमातून घरोघर पोचू लागले, आणि कोणा हौशी श्रोत्यांनी ते घरच्या यंत्रांवर उतरून घेतले म्हणून आज ते उपलब्ध आहे. हवेत विरून जावयाचे ते असे दोनदा वाचले, आणि आज पुन्हा हवेतूनच आपल्याकडे येते. जे ज्या वाटेने आले त्यास त्याच वाटेने परत पाठवावे, यात एक प्रकारची कृतज्ञता आहे.

इतके म्हटल्यावर आता तक्रारीकडे वळू. या सप्ताहाचा ध्यास संपूर्णतेचा आहे. जे जे मुद्रित झाले ते ते वाजवावे, आणि एका चिजेचे चार प्रयत्न झाले असल्यास चारही वाजवावेत, हा त्यामागील विचार. याची उत्तम बाजू आम्ही प्रथम सांगतो. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी पार्कर यांनी ‘को-को’ ही चीज मुद्रित केली. तिचा आधार ‘चेरोकी’ या प्रचलित गीताच्या स्वरसंगतींचा. पहिल्या प्रयत्नात वादक त्या गीताची मूळ धूनच वाजवू लागतात, आणि मध्येच सर्व थांबविले जाते. दुसऱ्या प्रयत्नात धून अजिबात गाळलेली आहे. उरतो तो स्वरसंगतींचा सांगाडा आणि त्यावर पार्कर यांनी चढविलेले नवे शरीर. तीन मिनिटांच्या आतील ही तबकडी जॅझच्या इतिहासातील एक मैलाचा दगड मानली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तो अर्धवट राहिलेला पहिला प्रयत्न ऐकल्यावाचून दुसऱ्याचे धाडस पुरते उमगत नाही. अशा ठिकाणी संपूर्णता ही रसिकतेची दासी होऊन वागते, आणि आम्ही तिचे स्वागत करतो.

परंतु दासीने घराची मालकी घेतली म्हणजे अनर्थ होतो. पार्कर यांच्या भक्तांत डीन बेनेडेटी नावाचे एक सॅक्सोफोनवादक होते. १९४७-४८ साली ते क्लबांतून पार्कर यांचे वादन मुद्रित करीत. आणि पार्कर थांबले की यंत्रही थांबवीत. साथीदारांचे वादन त्यांस नकोच होते. या मुद्रणांतून १९९० साली सात तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. अभ्यासकास हा ठेवा अमोल आहे. वाद्य शिकणाऱ्या तरुणाने त्याची पारायणे करावीत. सामान्य श्रोत्यास मात्र असे वाटते की, कोणी एखाद्या नाटकातून नायकाखेरीज सर्वांची भाषणे कापून टाकली आहेत. प्रश्न नाही, नुसतीच उत्तरे. जॅझ ही संवादाची कला आहे. तालवादकाने टाकलेला ठोका उचलून वादक पुढे जातो, पियानोच्या एका स्वराने त्याचे वाक्य वळते. भक्तीच्या भरात भक्ताने देवाची मूर्ती देव्हाऱ्यासकट न उचलता नुसते मस्तकच उचलून आणावे, तसा हा प्रकार झाला. तास-दोन तास असे तुकडे ऐकल्यावर कान शिणतात आणि मन मोजणी करू लागते. ज्या क्षणी श्रोता मोजू लागतो त्या क्षणी रस संपतो, असे आमचे मत आहे.

याच ध्यासाची दुसरी बाजू म्हणजे निवेदन, आणि त्याविषयी लिहिताना फिल शाप यांचे नाव घेणे प्राप्त आहे. १९५१ साली जन्मलेले हे गृहस्थ १९७० मध्ये विद्यार्थी म्हणून या केंद्रात आले आणि पदवी मिळाल्यावरही गेले नाहीत. १९८१ पासून ‘बर्ड फ्लाइट’ नावाचा केवळ पार्कर यांस वाहिलेला कार्यक्रम ते सकाळी करीत, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्यांचा या केंद्राशी असलेला हा संबंध टिकला. बेनेडेटी यांच्या त्या संचाच्या सिद्धतेतही त्यांचा हात होता. त्यांच्या ज्ञानाची व्याप्ती पाहून थक्क व्हावे. कोणती तबकडी कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने मुद्रित झाली, त्या दिवशी कोण उशिरा आले, कोण आलेच नाही, हे सर्व त्यांस मुखोद्गत. आणि हे सर्व ते सांगत. तीन मिनिटांच्या तबकडीपूर्वी अर्धा-अर्धा तास बोलण्याची त्यांची कीर्ती होती, आणि त्यांचे चाहतेही या बाबतीत त्यांची थट्टा करीत.

आमचा स्वतःचा अनुभव असा की, प्रथम हे बोलणे असह्य वाटते, नंतर त्याची सवय लागते, आणि शेवटी त्याची वाट पाहिली जाते. परंतु सवय लागली म्हणून दोष गुण होत नाही. आमच्या कीर्तनपरंपरेत पूर्वरंग आणि उत्तररंग यांचे प्रमाण ठरलेले आहे. बुवांनी निरूपण कितीही पाल्हाळिक केले तरी अभंग कोणत्या क्षणी सोडावा हे त्यांस कळावे लागते. ते ज्यास कळत नाही त्याच्या पुढची मंडळी हळूहळू उठून जातात. तारखा व क्रमांक हे ज्ञान खरे. पण ‘या तबकडीत ऐकावयाचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर तारखेने मिळत नाही. निवेदकाने एका वाक्यात सांगावे की, दुसऱ्या आवर्तनात पार्कर एक स्वर मुद्दाम उशिरा घेतात, तिकडे कान द्या. आणि बाजूला व्हावे. शाप यांच्या मागून आलेल्या तरुण निवेदकांपैकी जे थोडक्यात बोलतात ते आम्हांस अधिक आवडले. त्यांचे ज्ञान कमी असेल. पण संगीत आणि श्रोता यांच्यामध्ये ते कमी जागा अडवितात.

हे मत आम्ही पक्के करून बसलो असतो. परंतु २९ जुलै १९४६ ची ती तबकडी लागली, आणि आम्हांस पुन्हा विचार करावा लागला. त्या दिवशी हॉलिवूडमध्ये पार्कर यांनी ‘लव्हर मॅन’ हे गीत मुद्रित केले. मादक द्रव्यांच्या व्यसनाने आणि मद्याने त्यांचे शरीर खिळखिळे झाले होते. पियानोचा आलाप संपतो, त्यांनी प्रवेश करावयाची जागा येते, आणि ते येत नाहीत. पियानोवादक तसाच वाजवीत राहतो. मग सॅक्सोफोन येतो, तो चाचपडत, अडखळत, जणू अंधारात भिंतीला हात लावीत. त्याच रात्री ज्या हॉटेलात ते उतरले होते तेथे त्यांच्या खोलीस आग लागली, त्यांस अटक झाली, आणि पुढील सुमारे सहा महिने त्यांनी कॅमारिलो येथील मनोरुग्णालयात काढले. ही तबकडी कंपनीने पुढे विक्रीस काढली, याचा पार्कर यांस अखेरपर्यंत राग होता. उलट चार्ल्स मिंगस यांच्यासारखा थोर वादक ही पार्कर यांच्या उत्तम तबकड्यांपैकी एक मानीत असे.

मग ही तबकडी त्यांच्याच जन्मदिवशी वाजवावी काय? ज्या मनुष्याचा गौरव करावयाचा, त्यानेच जी वस्तू आपली म्हणून मानण्याचे नाकारले, ती जगापुढे मांडणे हा गौरव की अवमान? संपूर्णतेचा पक्षपाती म्हणेल की, इतिहास हा इतिहास आहे. रसिक म्हणेल की, तिच्यात जे कारुण्य आहे ते त्यांच्या निर्दोष तबकड्यांतही नाही. आम्हांस हे दोन्ही युक्तिवाद पुरेसे वाटत नाहीत. इतिहासाचे स्थान ग्रंथालयात आहे. तेथे ज्यास हवे त्याने जाऊन ऐकावे. नभोवाणी ही दार न ठोठावता घरात येते. आणि कारुण्याचे म्हणाल तर, आजारी मनुष्याचे कण्हणे करुण असते, पण त्याची अनुमती असल्यावाचून त्यास काव्य म्हणणे हा आपला अधिकार नव्हे. भवभूतीने रामाचा शोक लिहिला तो आपल्या पूर्ण शुद्धीत लिहिला. शोक रामाचा, शब्द भवभूतीचे. येथे दुःख भोगणारा आणि वाजविणारा एकच, आणि त्या घटकेस त्याचे शब्द त्याच्या ताब्यात नव्हते.

तरीही ही तबकडी अजिबात वाजवू नये असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. ती गाळली तर बहात्तर तासांतून जो पार्कर उभा राहतो तो यशाचा पुतळा ठरेल. मध्ये एक भोक राहील आणि ते कोणास दिसणारही नाही. आमच्या मते मार्ग एकच: ती वाजवावी, पण आधी सर्व सांगून वाजवावी. त्या दिवशी काय झाले, ती कोणी प्रसिद्ध केली, आणि ज्याची ती आहे त्याचे तिच्याविषयी काय मत होते, हे श्रोत्यास ठाऊक असले पाहिजे. म्हणजे ज्यास ऐकावयाचे नाही तो यंत्र बंद करील, आणि जो ऐकेल तो काय ऐकत आहे हे जाणून ऐकेल. तिच्या मागून १९४७ सालची ‘रिलॅक्सिन अॅट कॅमारिलो’ लावावी, म्हणजे बरा होऊन आलेल्या मनुष्याची विनोदबुद्धीही कानी पडेल. आणि येथे आम्हांस आमचेच वाक्य मागे घ्यावे लागते. इतर ठिकाणी जे पाल्हाळ, ते येथे कर्तव्य आहे. ज्या शाप यांच्या बोलण्यास आम्ही कंटाळलो, त्यांच्या तारखा आणि त्यांचे तपशील याच ठिकाणी कामी येतात. माहितीवाचून ही तबकडी वाजविणे म्हणजे एखाद्याच्या आजारपणाचे प्रदर्शन मांडणे होय.

संपूर्णतेस आणखी एक मर्यादा आहे, आणि ती तिच्या हातची नाही. अमेरिकेतील वादकांच्या संघाने १ ऑगस्ट १९४२ पासून तबकड्यांसाठी वाजविण्यावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांशी त्याचा निकाल लागावयास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या याच काळात पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे १९४३ साली अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात शेजारी बसत होते, आणि नवी शैली घडत होती. त्या वाद्यवृंदाची एकही तबकडी नाही. म्हणजे बहात्तर तास वाजवूनही मूळ प्रसंग ऐकू येतच नाही. एका तबकडीवर जुने जग संपते आणि पुढच्या तबकडीवर नवे सुरू झालेले असते. निवेदकाने या रिकाम्या जागेपाशी थांबून श्रोत्यास ती दाखवावी, अशी आमची सूचना आहे. जे आहे ते सर्व वाजविण्याइतकेच, जे नाही ते नाही असे सांगणे हाही इतिहासाचा धर्म होय.

लेस्टर यंग यांच्या उत्तरकाळाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९४४ साली त्यांस सैन्यात भरती करण्यात आले. मादक द्रव्ये बाळगल्याच्या आरोपावरून १९४५ च्या आरंभी लष्करी न्यायालयाने त्यांस शिक्षा दिली, आणि त्या वर्षातील पुष्कळसा काळ त्यांनी लष्करी कोठडीत काढला. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात काळ्या मनुष्याची कोठडी कशी असेल, हे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. सुटल्यावर त्यांनी ‘डी. बी. ब्लूज’ ही चीज मुद्रित केली. ती आद्याक्षरे त्या कोठडीच्या नावाची. पुढील वर्षांतील त्यांचे वादन उतरणीस लागले, असे टीकाकारांनी ठरवून टाकले, आणि अनेक वर्षे तेच मत चालत आले. दिवसभर क्रमाने ऐकल्यावर हे मत टिकत नाही, हा या सप्ताहाचा मोठा लाभ आहे. स्वर कमी झाले आहेत हे खरे, श्वास आखूड झाला आहे हेही खरे. पण पूर्वी जे दहा स्वरांत सांगितले जाई ते आता तीन स्वरांत सांगितले जाते. ८ डिसेंबर १९५७ रोजी दूरचित्रवाणीवर बिली हॉलिडे यांच्या ‘फाइन अँड मेलो’ या गीतात त्यांनी जे एकच आवर्तन वाजविले, ते ज्याने ऐकले तो उतरणीची भाषा करणार नाही. सव्वा वर्षाने, मार्च १९५९ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी ते वारले. चौतीस वर्षांचे पार्कर त्यांच्यापूर्वीच, मार्च १९५५ मध्ये गेले होते. शिष्य आधी गेला आणि गुरू मागे राहिला. तेव्हा शेवटच्या चार वर्षांत गुरूने जे वाजविले त्याचा विचार करताना ही गोष्टही ध्यानात असावी.

या सप्ताहावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, हे सर्व मृतांचे पूजन आहे; त्याच शहरात आज वाजविणारे तरुण वादक भाडे भरावयास धडपडत असताना त्यांचे तास मेलेल्यांस का द्यावेत? आक्षेप हलका नाही. परंतु वर्षातील तीन दिवस हे काही फार मोठे दान नव्हे, आणि ज्या संगीतास त्याच्याच देशाने दीर्घ काळ दारूच्या दुकानातील करमणूक मानले, त्यास एका विद्यापीठाने बहात्तर तास जाहिरातीवाचून द्यावेत, ही उशिराने फेडलेल्या ऋणाची एक बाब आहे. जिवंतांस त्यांचा वाटा मिळावाच. तो या तीन दिवसांतून कापून मिळणार नाही.

शेवटी आमच्या घरचे. हे संगीत आम्हांस परके नाही. १९३५ च्या सुमारास लिऑन अॅबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, ते १९४५ साली कलकत्त्यासच वारले. त्यांच्या सान्निध्यात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. तिच्यातील चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, यांचा ट्रम्पेट १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीतातून महाराष्ट्रातील घराघरांत गेला; ऐकणाऱ्यांपैकी कितीकांस वादकाचे नाव ठाऊक होते? त्या काळच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. वाजविणाऱ्याचे बहुधा नसे. त्या वादकांपैकी बहुतेक आता हयात नाहीत, आणि त्यांची आठवण सांगणारेही थकले आहेत.

मुंबई व पुणे येथील महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांनी चालविलेली लहान नभोवाणी-केंद्रे आता निघाली आहेत. त्यांच्यापैकी एकाने वर्षातून एक दिवस या वादकांसाठी राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. बहात्तर तास नकोत, चोवीसही नकोत. एका सकाळपासून सायंकाळपर्यंत पुरे. प्रत्येक गीताआधी कोणी वाजविले ते सांगावे, जेथे ठाऊक नाही तेथे ठाऊक नाही म्हणून सांगावे, आणि मग बोलणे आवरते घेऊन तबकडी लावावी. ऐकणारे थोडे असतील. पण पहारा सुरू तर होईल.